प्रकल्प संपला, पीएचडी बाकी: सोलापूरच्या एका वातावरणशास्त्र संशोधिकेचे प्रकरण

हे प्रकरण माझ्या एका माजी विद्यार्थिनीचे आहे. तिच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, संस्थांची नावे गाळली आहेत. महिने आणि रकमा मात्र तिच्या फायलीतले कागद समोर ठेवून लिहिल्या आहेत, कारण या प्रकरणात सगळे काही त्या महिन्यांतच दडलेले आहे.

पार्श्वभूमी

ती सोलापूरच्या पूर्व भागातली. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, पगार आठवड्याचा. आई विड्या वळते. घरी तेलुगू, शाळा मराठी, आणि एम.एस्सी.ला आल्यावर पुस्तके इंग्रजी. घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच.

ती भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला आली ते साल २०१८. त्या आणि पुढच्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, कायपीक्स या कृत्रिम पावसाच्या प्रयोगाचा चौथा टप्पा सोलापूर परिसरात केला. केगावच्या बाजूला रडार उभे राहिले आणि ढगांत क्षारकणांचे बीजारोपण करणारी विमाने जिल्ह्याच्या आकाशात दिसू लागली. गावात सगळे विचारत होते, विमान पाऊस पाडणार का? ही मुलगी तासानंतर थांबून मला म्हणाली, "सर, पाडला तर तो किती पडला हे मोजणार कसं?" मी तिला जेवढे सांगता आले तेवढे सांगितले आणि बाकीचे शोधायला लावले. ती शोधतच राहिली.

प्रश्न खरोखर अवघड आहे. रडार पाऊस मोजत नाही. थेंबांवर आपटून परत आलेल्या लहरींची तीव्रता मोजते आणि त्यावरून पावसाचा अंदाज बांधते. त्यासाठी मार्शल आणि पामर यांनी १९४८ मध्ये मांडलेले सूत्र आजही वापरात आहे. पण आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. ढगांचा तळ उंचावर, खालची हवा कोरडी. थेंब निघतात आणि वाटेतच विरतात. रडारवर सरी दिसतात आणि मोहोळच्या शिवारात धूळसुद्धा बसत नाही. कायपीक्सचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला: योग्य ढगांत बीजारोपण केल्यास सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस १८ टक्क्यांच्या आसपास वाढू शकतो. असा आकडा पर्जन्यमापक आणि रडार या दोन पायांवर उभा असतो. त्या दोघांत आपल्या भागात किती तफावत पडते, हा तिच्या पीएचडीचा विषय झाला. सोलापूरच्या मुलीने सोलापूरच्याच आभाळावर काम करावे याचा मला किती आनंद झाला होता, ते इथे लपवत नाही. त्या आनंदात माझ्याकडून काही गोष्टी बघायच्या राहून गेल्या.

पहिला निर्णय: मिळतेय ती जागा घ्यायची का?

सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा स्वतंत्र विषय आहे. तिने भौतिकशास्त्राऐवजी तो घेतला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये परीक्षा दिली. नेट झाली, जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) हुकली. म्हणजे सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळाली, स्वतःच्या नावाची फेलोशिप मिळाली नाही.

तेवढ्यात पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत प्रकल्पातल्या जेआरएफची जाहिरात आली. प्रकल्पांतल्या अशा जागांना नुसती नेटही चालते. विषय तंतोतंत तिचाच, विद्यावेतन तेव्हाच्या दराने ३१,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता. दुसरा रस्ता होता तो आणखी सहा-आठ महिने अभ्यास करून जेआरएफसाठी पुन्हा बसण्याचा.

ती माझ्याकडे आली. मी सांगितले, जागा घे, काम सुरू कर, जेआरएफ नंतर बघू. तीन वर्षांचा प्रकल्प आहे, पीएचडीलाही तीन वर्षे लागतात, बसेल. एप्रिल २०२१ मध्ये ती रुजू झाली. पहिल्या महिन्याच्या पैशातून तिने आईला चष्मा करून दिला आणि दरमहा घरी ८,००० रुपये पाठवायला सुरुवात केली.

सल्ला चुकीचा होता असे आजही म्हणणार नाही. पण "तीन वर्षे आणि तीन वर्षे, बसेल" हे वाक्य मी कागद न बघता बोललो होतो.

अडचण

स्वतःच्या नावाची जेआरएफ आणि प्रकल्पातली जेआरएफ यांचे नाव एक, रक्कम एक, पण जात वेगळी. पहिली विद्यार्थ्याच्या मागून चालते: तो गाइड बदलो वा विद्यापीठ, नियमाप्रमाणे प्रगती दाखवली तर एकूण पाच वर्षांपर्यंत मिळते. दुसरी प्रकल्पाच्या मंजुरीपत्राला बांधलेली असते. प्रकल्प संपला की ती संपली, मग प्रबंध कुठेही असो.

इथे प्रकल्प मंजूर झाला होता ऑक्टोबर २०२० मध्ये. तीन वर्षे मोजायची ती त्या दिवसापासून, तिच्या रुजू होण्यापासून नाही. म्हणजे मूळ मुदत सप्टेंबर २०२३ अखेर संपणार होती आणि तिच्या हातात पहिल्या दिवसापासून अडीचच वर्षे होती.

दुसरीकडे पीएचडी. नेट असल्यामुळे प्रवेश परीक्षेतून सूट होती, तरी अर्ज, मुलाखत, समितीची बैठक असे करता करता नोंदणी जानेवारी २०२२ ची पडली. नियमाप्रमाणे नोंदणीपासून किमान तीन वर्षे पूर्ण झाल्याशिवाय प्रबंध सादर करता येत नाही. म्हणजे कितीही जीव तोडून काम केले तरी जानेवारी २०२५ च्या आधी सादरीकरण नाही. सप्टेंबर २०२३ आणि जानेवारी २०२५ यांच्यात सव्वा वर्षाचे अंतर होते. नोंदणी झाली त्या दिवशीच ते कागदावर दिसत होते. तिने ते पाहिले नाही, प्रकल्पाच्या प्रमुख असलेल्या तिच्या गाइड मॅडमनी पाहिले नाही, मीही नाही.

ते दिसायला उशीर लागण्याचे एक कारण पैशांच्या हिशेबात आहे. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात मनुष्यबळाच्या शीर्षाखाली ३६ महिन्यांची तरतूद होती. ती सहा महिने उशिरा रुजू झाल्यामुळे सहा महिन्यांचे पैसे शिल्लक होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रकल्पाला पहिली मुदतवाढ मिळाली आणि त्या शिलकीतून तिचे विद्यावेतन मार्च २०२४ पर्यंत बिनबोभाट चालू राहिले. मग दुसरी मुदतवाढ आली, सप्टेंबर २०२४ पर्यंतची. मॅडमनी फोनवर सांगितले, "एक्स्टेन्शन मिळालं." तिने ऐकले ते असे की पैसेही मिळाले. एप्रिलच्या अखेरीस खात्यात काही जमा झाले नाही तेव्हा ती लेखा विभागात गेली. तिथल्या कारकुनाने फाइल उघडून दाखवली: मुदत वाढली आहे, निधी वाढलेला नाही.

यात आणखी एक गाठ होती. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने संशोधकांचे विद्यावेतन वाढवले आणि वाढ १ जानेवारी २०२३ पासून लागू केली: जेआरएफ ३१,००० वरून ३७,०००, एसआरएफ (दोन वर्षांनंतरची वरची पायरी) ३५,००० वरून ४२,०००. ती एप्रिल २०२३ मध्ये एसआरएफ झाली होती. दिवाळीच्या सुमारास तिला फरकाचे ८५ हजारांच्या आसपास एकदम मिळाले. पण चालू प्रकल्पाला त्यासाठी वेगळा निधी आला नव्हता. परवानगी घेऊन इतर शीर्षांतली शिल्लक वळवली गेली, आणि दुसऱ्या मुदतवाढीत कामी आली असती अशी रक्कम त्यात संपली.

आभाळानेही साथ दिली नाही. ऑगस्ट २०२३ हा देशातला १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. तिच्या अभ्यासाला पावसाळी ढग लागत होते, आणि तिसऱ्या हंगामात ढगच मोजके मिळाले. या कामावरचा शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठवला होता. परीक्षकांचा शेरा आला: पद्धत चांगली, उदाहरणे अपुरी.

एप्रिल २०२४ मध्ये परिस्थिती अशी होती. विद्यावेतन बंद. पुण्यातल्या खोलीचे भाडे चालू. घरी पाठवायचे पैसे बंद करता येत नव्हते, कारण वडिलांच्या कारखान्यात आठवड्यातून तीन-चार दिवसच माग चालू होते. प्रबंधाची पाचपैकी तीन प्रकरणे लिहून झालेली. निबंध अडकलेला. बँकेत फरकाच्या रकमेतले ६० हजार.

समोर असलेले पर्याय

मे महिन्यात ती सोलापूरला आली. उन्हामुळे संध्याकाळी सहाला विभागात बसून आम्ही एका कागदावर सगळे मांडले.

दुसऱ्या शहरातल्या एका प्रकल्पात जागा होती: शहरी हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांचे मोजमाप. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून अशा कामांना पैसा आला आहे, आपले सोलापूरही त्या कार्यक्रमातल्या शहरांत आहे. पगार पूर्वीच्या तोडीचा. मी म्हणालो, घे. ती दोन दिवसांनी नाही म्हणाली. त्या कामात चोवीस तासांनी फिल्टर बदलायचा असतो, नमुने वजन करायचे असतात, सुट्टी नसते. "सर, पगार मिळेल, पण प्रबंध पेटीत जाईल. जे माझ्या आधी गेलेत त्यांचे अजून पेटीतच आहेत." माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हते.

जेआरएफसाठी पुन्हा बसणे हा दुसरा पर्याय. वय २६, आणि वयोमर्यादेत महिलांना पाच वर्षांची सूट, म्हणजे त्या बाजूने अडसर नव्हता. अडचण वेळेची होती: परीक्षा, निकाल, पत्र, रुजू होणे, यात वर्ष सरते. तरी तिने अर्ज भरला.

राज्याच्या फेलोशिप योजनांचाही विचार केला. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या पीएचडी करणाऱ्यांना मदत करतात. तिच्या प्रवर्गासाठी महाज्योती. पण अशा योजनांत नोंदणीच्या तारखेची अट पाहावी लागते, आणि एका वेळी दोन फेलोशिपा घेता येत नाहीत. नोंदणी ताजी होती तेव्हा प्रकल्पाचे पैसे चालू होते, म्हणून आम्ही तिकडे पाहिलेच नव्हते. आता नोंदणी जुनी झाली होती.

उरला चौथा: पुण्याची खोली सोडायची, सोलापूरला घरी राहायचे, इथल्या एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायचे आणि प्रबंध पुरा करायचा. पैसे कमी, तेही उशिरा. सन्मान त्याहून कमी. पण सकाळी तीन तास दिले की दिवस आपला.

काय केले

तिने चौथा पर्याय घेतला. मला तो सर्वांत कमजोर वाटत होता. तिचे कारण मात्र तिने नेमक्या शब्दांत मांडले: जानेवारीच्या आधी प्रबंध देताच येणार नाही, म्हणजे मधे एक पावसाळा फुकट मिळतो आहे. २०२३ मध्ये जे ढग मिळाले नाहीत ते २०२४ मध्ये मिळाले तर परीक्षकांना उत्तर देता येईल.

तो पावसाळा चांगला गेला. देशात सरासरीच्या १०८ टक्के पाऊस झाला. आपल्या जिल्ह्यातही तिला हवे होते तसे संध्याकाळचे ढग भरपूर मिळाले. गाइड मॅडमनी एक मोठी गोष्ट केली: विद्यावेतन देता येत नसले तरी संस्थेच्या संगणकावर बाहेरून काम करण्याची परवानगी लेखी मिळवून दिली. नुसते तोंडी सांगितले असते तर प्रकल्प बंद झाल्यावर खाते बंद झाले असते. रडारची माहिती तिथून, आणि जमिनीवरचा पाऊस राज्याच्या महावेध प्रकल्पातल्या महसूल मंडळनिहाय हवामान केंद्रांवरून. मोहोळ, मंगळवेढा, सांगोला इथली काही केंद्रे तिने एस.टी.ने जाऊन प्रत्यक्ष पाहिली. एका ठिकाणी पर्जन्यमापकाच्या अगदी जवळ बाभूळ वाढली होती. त्या केंद्राचे आकडे तिने गाळले आणि का गाळले ते प्रबंधात लिहिले. परीक्षकाने पुढे त्या परिच्छेदाचे खास कौतुक केले.

नेट जूनच्या अखेरीस होती. परीक्षेच्या चार दिवस आधी ती पुढे ढकलली गेली आणि जुलैच्या शेवटी झाली. पावसाचा हंगाम आणि अभ्यास दोन्ही एकत्र आले. जेआरएफ यावेळीही हुकली.

एक चूक थोडक्यात टळली. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, नवी पीएचडी नियमावली नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि तिच्यात प्रबंधाआधी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती राहिली नाही. मैत्रिणींनी सांगितले, "आता पेपर लागत नाही." तिने निबंध बाजूला ठेवायचे जवळपास ठरवलेच होते. विद्यापीठात जाऊन विचारले तेव्हा कळले की तिची नोंदणी आधीची, म्हणून तिला २०१६ ची नियमावली लागू: प्रसिद्ध निबंध हवाच. ऑक्टोबरमध्ये नव्या हंगामाची उदाहरणे घालून तिने निबंध परत पाठवला. डिसेंबरमध्ये स्वीकारल्याचे पत्र आले.

तासिकांचे पैसे पाच महिने आले नाहीत. ते साठ हजार तिला पुरले, कसेबसे. डिसेंबरात आईने भिशी उचलून दिली.

काय झाले

फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रबंध सादर झाला, जूनमध्ये व्हायवा, म्हणजे मौखिक परीक्षा.

मधल्या चार महिन्यांत पुढचा प्रश्न उभा राहिला, पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेचा. या वेळी तिने आधी अटी वाचल्या, मग अर्ज. युरोपातल्या मेरी क्युरी फेलोशिपसाठी अर्जाच्या शेवटच्या तारखेला पीएचडी झालेली असावी लागते, आणि ती तारीख साधारण सप्टेंबरात येते. व्हायवा तेव्हाही लांबला असता तर सगळी मेहनत वाया गेली असती, म्हणून ते वर्ष तिने सोडले. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप, जी आधी एसईआरबी ही केंद्राची संशोधन-निधी संस्था देत असे आणि आता तिच्या जागी आलेले एएनआरएफ देते, ती दोन वर्षांची आणि स्वतःच्या नावाची. प्रबंध सादर केलेल्यालाही अर्ज करता येतो, पण पदवी मिळेपर्यंत रक्कम कमी. त्यासाठी हैदराबादच्या एका शास्त्रज्ञांशी तिने पत्रव्यवहार सुरू केला आणि प्रस्ताव लिहायला घेतला.

तोपर्यंत घर चालायला हवे होते. दक्षिणेतल्या एका संस्थेत रिसर्च असोसिएटची जागा निघाली, ५८,००० रुपये आणि घरभाडे भत्ता. मुलाखतीच्या शेवटी समितीने नेहमीप्रमाणे विचारले, तुम्हाला काही विचारायचे आहे का? तिने विचारले: प्रकल्प मंजूर कधी झाला, मनुष्यबळाच्या शीर्षाखाली आज किती महिन्यांचे पैसे आहेत, आणि मुदतवाढ मिळाली तर ती निधीसह की निधीविना? समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी मंजुरीपत्र मागवून घेतले आणि तारीख वाचून दाखवली. सतरा महिने उरले होते. तिने सतरा महिने धरूनच होकार दिला. ऑगस्ट २०२५ पासून ती तिथे आहे.

काय वेगळे करता आले असते

जागा घेतली हे बरोबर होते असे तिचे आणि माझे, दोघांचेही मत आहे. जेआरएफची वाट पाहत बसली असती तर २०२१ आणि २०२२ चे दोन्ही पावसाळे गेले असते.

पण रुजू होण्याच्या आठवड्यातच मंजुरीपत्राची प्रत मागायला हवी होती. संकोच वाटतो, नव्या मुलांना तर फारच. ते पत्र गुप्त नसते, आणि बहुतेक गाइड मागितल्यावर देतात. ही गोष्ट विद्यार्थ्याच्या वतीने मीही मागू शकलो असतो. नोंदणी लवकर व्हावी म्हणून एप्रिल २०२१ मध्येच विद्यापीठाचे वेळापत्रक बघायला हवे होते. नऊ महिने तिथे गेले आणि ते नऊ महिनेच पुढे विनावेतन भोगावे लागले. नेटची पुढची संधी २०२२ मध्ये, विद्यावेतन चालू असताना घ्यायला हवी होती. पैसे चालू असतात तेव्हा फेलोशिपचा अर्ज करावासा वाटत नाही, आणि पैसे थांबतात तेव्हा अभ्यासाला डोके शांत नसते.

गाइड मॅडमविषयी तिच्या मनात कटुता नाही. माझे मत थोडे वेगळे आहे. प्रकल्पाचा प्रमुख शास्त्रज्ञ उपकरणाची वॉरंटी कधी संपते ते लिहून ठेवतो. माणसाचे पैसे कधी संपतात तेही त्याने त्याच वहीत लिहावे, आणि सहा महिने आधी त्या माणसाला सांगावे. दुसऱ्या मुदतवाढीच्या फोनमध्ये "पैसे नाहीत" हे दोन शब्द असते तर तिने खोली मार्चमध्येच सोडली असती आणि दोन महिन्यांचे भाडे वाचले असते.

धूलिकणांची जागा नाकारणे मला आजही धाडसी वाटते. ती हिंमत तिला परवडली ती फरकाच्या रकमेमुळे आणि सोलापुरात घर असल्यामुळे. लातूरहून किंवा कलबुर्गीहून पुण्यात आलेल्या, घरी मागे काहीच नसलेल्या मुलीला मी तोच सल्ला डोळे मिटून देणार नाही. तिच्याबरोबर बसून आधी महिन्यांचा हिशेब करीन.

यंदा आमच्या विभागातून दोन मुले प्रकल्पाच्या जागांवर गेली आहेत. दोघांची मंजुरीपत्रे माझ्या टेबलाच्या खणात आहेत. एकाचे पैसे नोव्हेंबर २०२७ ला संपतात, दुसरीचे त्याआधी चार महिने. तिची नोंदणी अजून व्हायची आहे. सोमवारी विद्यापीठात जाऊन तारीख विचारायची आहे.